एका इंग्रजाने कमावलेले मराठीचे वतन

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. तेव्हापासून आजतागायत महाराष्ट्रातील किती पिढ्या इंग्रजी वाङ्मयावर पोसल्या गेल्या याची गणती करणे कठीण आहे. शेक्सपिअरची नाटके, मिल्टनचे महाकाव्य, वर्ड्स्वर्थची निसर्गकविता, इमर्सनचे निबंध, व्हिटमनचे मुक्त छंद यांची नावे आमच्या पदवीधरांच्या जिभेवर असतात, आणि कोणती वाङ्मयीन चळवळ कोणत्या राजाच्या वा राणीच्या अमदानीत उगम पावली हे ते झोपेतही सांगू शकतील. परंतु याच पदवीधरांस असा एक प्रश्न करून पाहावा की, शेक्सपिअर लंडनच्या रंगभूमीवर नाटके लिहीत असता त्याच्याच काळचा कोणता इंग्रज आपल्या कोकणात बसून मराठी ओव्या रचीत होता? शंभरांत पाचांस तरी याचे उत्तर देता येईल की नाही, याविषयी आम्हांस दाट शंका आहे. परक्याच्या घरातील भांडीकुंडी आपण मोजून ठेविली. त्या घरचा एक पुत्र आपल्या घरी येऊन आपल्या मातेच्या सेवेत चाळीस वर्षे राहिला, त्याची मात्र आपल्या वहीत नोंद नाही, असा हा प्रकार आहे.

हा पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्यास कारण असे की, भाषा कोणाची, तिच्यावर हक्क कोणाचा, आणि तो हक्क कशाने मिळतो व कशाने बुडतो, हा वाद आपल्या भागात पुन्हा पुन्हा उकरला जातो. भुईगाव, गिरीज, नंदाखाल, निर्मळ या वसईच्या पट्ट्यात तर या वादास धर्माचीही फोडणी मिळते. वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक गोष्ट पक्की शिकविली गेली आहे. ती ही की, हक्काचा निकाल लावण्यापूर्वी दस्तऐवज पाहावे आणि वहिवाट तपासावी. स्टीफन्स यांचे आयुष्य हाच या दाव्यातील एक अस्सल दस्तऐवज आहे.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात बुश्टन म्हणून एक खेडे आहे. तेथे १५४९ च्या सुमारास स्टीफन्स यांचा जन्म झाला. तो काळ इंग्लंडात धर्मकलहाचा होता. एलिझाबेथ राणीच्या राज्यात प्रॉटेस्टंट पंथ हा सरकारी धर्म ठरला होता, आणि १५७० साली पोपने राणीस बहिष्कृत केल्यानंतर रोमन कॅथॉलिक पंथाची माणसे राजद्रोही समजली जाऊ लागली. ज्यांस आपला जुना पंथ सोडवेना त्यांस दंड, तुरुंग, आणि प्रसंगी सुळावर चढणे, एवढेच मार्ग उरले. स्टीफन्स यांच्याच वेळचा एडमंड कँपियन नावाचा विद्वान जेझुइट १५८१ च्या डिसेंबरात लंडनात देहांताची शिक्षा भोगून मेला. स्टीफन्स यांनी वेळीच देश सोडला. ते रोमला गेले, आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. म्हणजे ज्या काळात इंग्लंडचे वाङ्मय आपल्या वैभवाच्या उंबरठ्यावर उभे होते, त्याच काळात हा बुद्धिमान तरुण केवळ अंतःकरणाच्या श्रद्धेपायी त्या देशास पारखा झाला. पुढे त्यांनी मायदेश पुन्हा पाहिला नाही.

१५७९ च्या एप्रिल महिन्यात लिस्बन बंदरातून पोर्तुगीज जहाजांचा काफिला निघाला, त्यात स्टीफन्स होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून, वारा पडलेल्या समुद्रात दिवसच्या दिवस तरंगत, रोगराई व तहान सोशीत ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. सहा महिन्यांहून अधिक चाललेल्या या प्रवासाचे वर्णन त्यांनी नोव्हेंबरात वडिलांस पत्राने कळविले. हे पत्र इंग्लंडात हातोहात फिरले, आणि १५८९ साली रिचर्ड हॅक्लूट याने इंग्रजांच्या समुद्रपर्यटनांचा जो प्रसिद्ध संग्रह काढला त्यात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या इंग्रजांत ज्यांची आपणांस खात्रीलायक माहिती आहे, त्यांत स्टीफन्स हे अगदी पहिले होत.

ते ज्या गोव्यात उतरले त्या गोव्याची स्थिती आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घेतली पाहिजे. कारण ती झाकून ठेवून या चरित्राची आरती ओवाळणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. १५६० साली तेथे धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजेच कुप्रसिद्ध इन्क्विझिशन, स्थापन झाले होते. सासष्टी प्रांतातील देवळे १५६० च्या दशकात पाडली गेली होती. मंगेशी व शांतादुर्गा ही दैवते आपली मूळची कुशस्थळी व केळशी ही गावे सोडून खाडीपलीकडच्या अंत्रुज महालात आश्रयास गेली ती याच धामधुमीत. लोकांच्या पोथ्यापुराणांवर बंदी होती. १५८३ च्या जुलै महिन्यात सासष्टीतील कुंकळ्ळी गावच्या लोकांनी रुदोल्फो आक्वाविवा व त्याचे चार जेझुइट साथीदार यांस ठार मारिले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याचा सूड असा घेतला की, गावच्या पुढाऱ्यांस बोलणे करण्याच्या मिषाने बोलावून त्यांची कत्तल केली. ज्या सासष्टीत हे घडले त्याच सासष्टीत स्टीफन्स यांचे पुढले सारे आयुष्य जावयाचे होते. ज्या संघाच्या माणसांनी तेथे प्राण दिले त्याच संघाचे ते होते, आणि ज्या सत्तेने हा विश्वासघात केला तिच्याच छत्राखाली ते राहत होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस एक निराळा प्रसंग घडला. जॉन न्यूबरी, राल्फ फिच इत्यादि इंग्रज व्यापारी खुष्कीच्या मार्गाने पूर्वेकडे येत असता होर्मुझ येथे पकडले गेले, आणि हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात डांबले गेले. ते पंथाने प्रॉटेस्टंट देशाचे, व्यापाराने पोर्तुगिजांचे प्रतिस्पर्धी. स्टीफन्स यांस देशोधडीला लावणाऱ्या राजवटीचेच ते प्रजाजन होते. असे असता स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली, आणि ते जामिनावर सुटले. पुढे फिच १५९१ साली इंग्लंडास परत पोहोचला, आणि १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चालकांनी हिंदुस्थानच्या व्यापाराविषयी त्याच्या अनुभवाचा लाभ घेतला. एका साध्या पाद्र्याने माणुसकीखातर केलेली जामिनकी पुढे कोणत्या साम्राज्याच्या पायात एक चिरा होऊन बसली, हे तेव्हा कोणासच कळण्यासारखे नव्हते. व्यापारी वाचकांनी यातून एवढे मात्र घ्यावे की, परमुलखात आपल्या भाषेचे एक माणूस भेटणे याचे मोल कधी कधी थैलीतल्या मोहरांहून अधिक असते.

१५८३ च्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी आपल्या भावास जे पत्र लिहिले, ते विद्येच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. कुंकळ्ळीच्या हत्याकांडाची हकीकत सांगत असताच त्यांनी त्यात इकडील भाषांविषयी एक निरीक्षण नमूद केले. या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती आहे, असे त्यांस दिसून आले. हाच सिद्धांत सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेपुढे मांडला, आणि त्यातून तुलनात्मक भाषाशास्त्र जन्मास आले. स्टीफन्स यांचे निरीक्षण त्याच्या २०३ वर्षे आधीचे आहे. आणि ते ग्रंथालयात बसून नव्हे, तर शेतकरी, ब्राह्मण, कोळी व बाजारातील गिऱ्हाईक यांच्या तोंडची भाषा कान देऊन ऐकून केलेले आहे. ज्या भाषेस गोव्याचे राज्यकर्ते रानवट समजत होते, तिच्या नात्यागोत्याचा शोध या माणसाने चार वर्षांत घेतला.

यापुढील ३६ वर्षांचे त्यांचे चरित्र बाहेरून पाहता अगदी साधे आहे. ते सासष्टीत धर्मगुरू म्हणून राहिले. मडगावच्या विद्यालयाचे प्रमुखपण त्यांनी काही काळ पाहिले, काही वर्षे त्या प्रांतातील मिशनची देखरेख केली, आणि उरलेला काळ गावोगावच्या लोकांत घालविला. त्यात लढाया नाहीत, दरबार नाहीत, मानसन्मान नाहीत. परंतु खरी करणी या साधेपणाच्या आत चालली होती. त्यांनी कोंकणी भाषा इतकी आत्मसात केली की तिचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली रायतूर येथे छापले गेले, आणि हिंदुस्थानातील कोणत्याही भाषेचे छापून प्रसिद्ध झालेले पहिले व्याकरण तेच मानले जाते. मुलांस व नवख्यांस धर्मशिक्षण देण्यासाठी त्यांनी कोंकणीत एक प्रश्नोत्तररूप पुस्तक केले, ते १६२२ साली निघाले. आणि जे काम करण्यास जन्मजात मराठी पंडितही दोनदा विचार करील, ते काम त्यांनी मराठीत केले. त्यांनी पुराण रचिले.

या पुराणाचा जन्म कसा झाला हे त्याच्या आरंभीच आले आहे, आणि ते वाचताना विचारी मनुष्यास अंतर्मुख व्हावे लागते. नवख्रिस्ती झालेल्या लोकांतील एक जण धर्मगुरूस विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे तर काढून घेतली. मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न साधा दिसतो. परंतु यात त्या समाजाची सगळी व्यथा आहे. ज्यांच्या घरी रात्री समईच्या उजेडात पोथी लागत असे त्यांची पोथी गेली, आणि त्यामुळे त्यांची संध्याकाळ मुकी झाली. सत्तेने तोंडे बंद केली होती. स्टीफन्स यांनी त्या मुक्या झालेल्या तोंडांस पुन्हा त्यांचीच भाषा दिली, त्यांचाच छंद दिला. कथा मात्र निराळी दिली.

हे ख्रिस्तपुराण म्हणून प्रसिद्ध असलेले काव्य सुमारे ११,००० ओव्यांचे आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवाचे पतन व यहुदी लोकांचा इतिहास. दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र. अध्यायांस त्यांनी अवस्वरू असे नाव दिले आहे. ओवी हा छंद ज्ञानदेवांनी १२९० साली ज्ञानेश्वरीत वैभवास नेला, आणि स्टीफन्स गोव्यास येण्याच्या अवघी सहा वर्षे आधी, १५७३ साली, एकनाथांनी आपले भागवत त्याच छंदात पुरे केले होते. हा परदेशी मनुष्य त्याच वाटेने निघाला. स्वर्गास त्याने वैकुंठ म्हटले, मुक्तीस मुक्तीच म्हटले, आणि श्रोत्यांस कथा सांगण्याची पुराणिकाची रीत जशीच्या तशी उचलली. मराठी भाषेची थोरवी गाताना त्याने तिला रत्नांत, फुलांत, सुगंधांत, पक्ष्यांत व वृक्षांत जे जे श्रेष्ठ त्याची उपमा दिली. त्या ओव्या आज पाठ्यपुस्तकांतून अनेकांस ठाऊक आहेत. त्या कोणी लिहिल्या हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

आता काळाचा हिशेब पाहा. हे पुराण १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. त्याच वर्षाच्या एप्रिलात शेक्सपिअर वारला. इंग्रजी गद्यास वळण लावणारे, राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले बायबलचे भाषांतर त्याच्या पाच वर्षे आधी, १६११ साली, प्रसिद्ध झाले होते. आणि मनुष्याचे पतन व उद्धार या विषयावरील मिल्टनचे इंग्रजी महाकाव्य १६६७ साली बाहेर पडले. म्हणजे ख्रिस्तपुराणानंतर ५१ वर्षांनी. एका इंग्रजाने त्याच कथेवर दीर्घ काव्य रचिले, ते मिल्टनच्या अर्धशतक आधी, आणि ते मराठीत. काव्यगुणांत मिल्टनची बरोबरी स्टीफन्स करितात असे आमचे म्हणणे नाही. मिल्टनचा कल्पनाविस्तार व वाणीचा गडगडाट निराळा. परंतु मिल्टनने आपल्या मातृभाषेत लिहिले, आणि त्याच्या पाठीशी चॉसर, स्पेन्सर व शेक्सपिअर यांची परंपरा होती. स्टीफन्स यांनी तिशी उलटल्यावर शिकलेल्या भाषेत लिहिले. पुढल्या काळात पश्चिमेचे कित्येक लेखक आपल्या विद्येकडे वळले. अमेरिकेतील थोरोने १८५४ च्या आपल्या ग्रंथात भगवद्गीतेचा आदराने उल्लेख केला. पण तो गीता वाचीत होता ती इंग्रजी भाषांतरातून. आमची विद्या त्यांनी आपल्या घरी नेली. आमच्या घरी येऊन, आमच्या ओसरीवर बसून, आमच्याच भाषेत ग्रंथ लिहिणारा इंग्रज कवी त्या काळात हाच एक.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. स्टीफन्स यांस आपले पुस्तक इकडील लिपीत छापावयाचे होते. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, परंतु त्यात खिळे रोमन लिपीचे. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघाच्या वरिष्ठांकडे पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. अक्षरांच्या जोडणीमुळे खिळ्यांची संख्या फार वाढते ही अडचण त्यांस ठाऊक होती, आणि ती कमी कशी करता येईल याचाही विचार त्यांनी केला होता. ती योजना फळास आली नाही, आणि मराठीतील हे दीर्घ काव्य रोमन अक्षरांत छापावे लागले. बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, आणि बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण पत्र १८३२ साली निघाले. स्टीफन्स यांची मागणी मान्य झाली असती, तर मराठी मुद्रणाचा आरंभ जवळजवळ दोनशे वर्षे आधी झाला असता. दोनशे वर्षांत एखाद्या भाषेतील किती पोथ्या वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात याचा ज्याने त्याने अंदाज करावा. एका अर्जावर वेळेत होकार न मिळाल्याने एका सबंध लोकसमूहाचे किती नुकसान होते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

१६१९ साली स्टीफन्स वारले. इंग्लंड सोडून त्यांस चाळिसाहून अधिक वर्षे झाली होती. त्यांच्या पुराणाच्या आवृत्त्या १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाल्या, यावरून लोकांत त्याची मागणी किती होती ते दिसते. देवळात व घरात ते वाचले व गाईले जात असे. परंतु ज्या राज्यसत्तेने पूर्वी हिंदूंच्या पोथ्या काढून घेतल्या, तिने पुढे ख्रिस्त्यांच्या तोंडची भाषाही काढून घेण्याचे मनात आणिले. १६८४ साली गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने असा हुकूम काढिला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हा हुकूम कोणावर होता? जे धर्माने राज्यकर्त्यांचेच झाले होते, त्यांच्यावरही होता. ज्यास परक्याची भाषा पुसावयाची असते तो धर्म पाहून थांबत नाही, हा धडा गोव्याच्या इतिहासाने आपणांस दिला आहे. स्टीफन्स यांनी चाळीस वर्षे जे पेरिले, ते त्यांच्याच धर्माच्या सत्तेने ६५ वर्षांच्या आत नांगरून काढण्याचा घाट घातला.

तरी ते मेले नाही, आणि ते कोणी वाचविले हेही पाहण्यासारखे आहे. छापील प्रती नाहीशा झाल्या. पण लोकांनी हाताने नकला केल्या. गोव्याहून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या नकला बरोबर नेल्या, आणि १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी त्यांवरून चौथी आवृत्ती काढिली. १९२० च्या दशकात मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरे करणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनातील मार्सडेन संग्रहात या काव्याची देवनागरी हस्तलिखिते असल्याचे जगापुढे आणिले. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि २००९ साली नेल्सन फलकाव यांनी मूळ ओव्यांसह आजच्या मराठी गद्यातील अर्थ देणारी आवृत्ती तयार केली. अशा रीतीने १६०८ साली ज्या लिपीसाठी अर्ज केला होता, ती लिपी या ग्रंथास छापील रूपात १९५६ साली मिळाली. मध्ये ३४८ वर्षे गेली.

आता या चरित्रावर दोन बाजूंनी आक्षेप येतात, त्यांचा विचार करू. एक पक्ष म्हणतो की, स्टीफन्स हे धर्मांतराचे हस्तक. त्यांचे मराठीप्रेम हे माशासाठी लाविलेले आमिष. त्यांचा गौरव राष्ट्राभिमानी मनुष्याने का करावा? दुसरा पक्ष म्हणतो की, ते संत. त्यांच्या काळच्या जुलमाचा उल्लेख त्यांच्या नावाशेजारी करणे हाच अपराध. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत. जुलूम झाला, तो कागदोपत्री सिद्ध आहे, आणि स्टीफन्स त्या राज्यव्यवस्थेच्या आत राहून काम करीत होते हेही खरे. राष्ट्राभिमानाचा अर्थ असत्य बोलणे नव्हे. तसाच उदारपणाचा अर्थ विस्मरण नव्हे. परंतु हेतू काही असो, मालाचा कस मालावरूनच ठरतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. एखाद्या भाषेत ११,००० ओव्या नुसत्या आमिषाने लिहून होत नाहीत. त्यासाठी त्या भाषेच्या लयीत झोपावे व उठावे लागते. ती बोलणाऱ्या माणसांस आपल्याहून हीन न समजता त्यांच्या पायाशी बसून शिकावे लागते. हे ज्याने केले त्याने मराठीच्या वतनात आपला वाटा कष्टाने कमाविला आहे. तो वाटा त्याच्या धर्मावरून, वर्णावरून वा जन्मस्थानावरून रद्द करण्याचा अधिकार कोणासही नाही.

हाच न्याय आपल्या वसईस लावून पाहू. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षे, हा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि ते राज्य गेले. परंतु येथील ख्रिस्ती समाज येथेच राहिला, कारण तो येथलाच होता. त्याची शेते, केळीच्या बागा, पानवेली, विहिरी, लग्नातील गाणी व घरातील बोली सारी याच मातीची. गोव्यात स्टीफन्स यांनी घालून दिलेल्या वाटेने १६५९ साली फ्रान्सिश्कु वाझ द गिमारायश याने उत्तर कोकणच्या मराठीत ख्रिस्ताच्या दुःखभोगावर पुराण रचिले, आणि ते या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालले. याच पट्ट्यातील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी मराठी वाचकांनी बसविले. त्यांची निवड झाली तेव्हा काही लोकांनी त्यांच्या धर्माकडे बोट दाखविले. १६१६ सालच्या रायतूरच्या पुस्तकाची ज्यांस ओळख असती, त्यांचे बोट वर उठलेच नसते.

हा झाला एका बाजूचा दोष. दुसरी बाजूही आम्ही झाकणार नाही. याच पट्ट्यात, हिंदू असो वा ख्रिस्ती, दोन्ही घरांतून आज मराठी मागच्या दाराने निघून चालली आहे. बाप दुकानात मराठीत भाव करितो, आजी विहिरीवर बोलीत बोलते, आणि नातवास मात्र दोन्हींतले काही येत नाही. इंग्रजी शिकण्यास आमचा विरोध नाही. ती शिकलीच पाहिजे, आणि चांगली शिकली पाहिजे. परंतु १६८४ साली जी गोष्ट करावयास व्हाइसरॉयास हुकूम काढावा लागला, आणि तरीही जी त्यास पुरती साधली नाही, ती आपण आज कोणाच्याही हुकुमावाचून, स्वतःच्या हौसेने व वर शाळेची फी भरून करीत आहो. केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, ही आनंदाची गोष्ट झाली. पण कोणत्याही वकिलास विचारा: खरेदीखत पेटीत असले, आणि जमिनीवर वहिवाट मात्र राहिली नाही, तर ते खत किती दिवस कामास येईल?

म्हणून आमची सूचना थोडक्यात अशी आहे. वसई व विरार येथील प्रत्येक वाचनालयात ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत असावी. ती कपाटात कुलूपबंद नसावी, टेबलावर असावी. आपल्या शाळांतून इंग्रजीचा शिक्षक जेव्हा शेक्सपिअर शिकवितो, त्याच आठवड्यात मराठीच्या शिक्षकाने स्टीफन्स शिकवावा, म्हणजे मुलांस एकाच काळाची दोन टोके एकदम दिसतील. नाताळात व श्रावणात, जेथे जेथे पोथी लागते तेथे, एक संध्याकाळ या ओव्यांस द्यावी. आणि ऐकावयास दोन्ही धर्मांचे शेजारी यावेत. व्यापारी मंडळींनी अशा वाचनाचा खर्च उचलावा. तो फार नाही, एका दिवसाच्या गल्ल्याहून कमीच आहे. आणि भुईगावपासून विरारपर्यंतच्या आईबापांनी एवढेच करावे की, रात्री जेवताना मुलांशी आपल्या बोलीत बोलावे.

विल्टशायरच्या एका तरुणाने तिशीनंतर जी भाषा शिकून घेतली, ती आपल्या मुलांस जन्मतःच फुकट मिळते. तिचा त्यांनी स्वीकार करावा की त्याग, हे ठरविण्याचे काम मुलांचे नाही. ते आपले आहे, आणि ते याच पिढीत ठरावयाचे आहे.